हिरवा मणी

डॉक्टरीणबाईंना शिकवलं पुष्कळ होतं, पण वळण लावलेलं नव्हतं, असं शालनआक्कांचं मत पडलं. आणि आक्कांचं मत एकदा पडलं की तरसवाडीत ते घरोघर पोचायला एक दुपार पुरायची.

"बेचाळीस वर्साचा बाप्या," ओट्यावर पाय पसरून, क्रेटमधली तडकलेली डाळिंबं बाजूला काढत आक्का सांगत होत्या. "दोन लेकींचा बाप. बोटात काटा मोडून पिकला म्हणून नेला त्याला. आन् ती काय इचारती? बोटाचं इचार की. काट्याचं इचार. न्हाई. म्हणती, रातचं घरधनिणीजवळ जाताना काय अडचण येती का. मी तिथंच बसल्याली. सख्खी आय."

समोरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. एकीनं धीर करून विचारलं, "मग बिरू काय म्हणला?"

"काय म्हणंल? बोट बघत बसला. मीच म्हणलं, माझ्या लेकाला असलं काय न्हाई. घ्या लिहून."

बाया हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच राग आला होता आणि त्या रागाला त्यांनी दिवसभर पाणी घालून वाढवलं होतं.

रागावण्याचा त्यांना हक्कही होता. तरसवाडी पूर्वी मेंढक्यांची वाडी. आक्का नवी नवरी होऊन आल्या तेव्हा वर्षाचे आठ महिने कळपामागं चालण्यात जायचे. नवरा तरुणपणीच वाटेत कुठंतरी तापानं गेला. आक्कांनी कळप विकला आणि घराच्या मागच्या मुरमाड माळावर पहारीनं खड्डे घेतले. शिक्षण दुसरीपर्यंत, सही करता येण्यापुरतं. पण वाडीतलं पहिलं डाळिंब त्यांनी लावलं आणि त्यांचं बघून मग बाकीच्यांनी. आता सगळा माळ हिरवा होता. फवारणीला ड्रोन यायचे, मातीत रोवलेल्या सुया झाडाला तहान लागली की फोनवर कळवायच्या आणि वाल्व आपोआप उघडायचे. चालायचं कुणालाच काम उरलं नव्हतं. घरापासून बागेपर्यंत जायचं तरी माणसं मोटरसायकल काढायची, गालात मावा आणि खांद्यावर टॉवेल. "मेंढरं सुटली आन् पोटं सुटली," असं आक्का म्हणायच्या. एकटा म्हाकू तेवढा अजून कळप राखून होता आणि उन्हातान्हात रोज कोसभर नव्हे, पाच-पाच कोस चालायचा. त्याला सगळे मागास म्हणायचे.

त्या दिवशी दवाखान्यात घडलं ते असं.

डॉक्टर मृण्मयी नव्यानंच बदलून आलेल्या. तिशीच्या आतबाहेर, आवाज मऊ. बिरुदेवचं बोट कापून, पू काढून, पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आक्कांकडं बघितलं.

"आजी, दोन मिनिटं बाहेर बसता का?"

"कशाला? मी सांगते की काय इचारायचं ते. आमच्यात बाप्ये दुखणं सांगत न्हाईत. बायाच सांगत्यात."

ही वाडीची रीतच होती. पुरुषानं दवाखान्यात भिंतीकडं बघत बसायचं आणि आईनं किंवा बायकोनं सांगायचं: ह्यांना रात्री खोकला येतो, ह्यांचा गुडघा धरतो, ह्यांना भूक लागत नाही. पुरुष मध्येच "तसं काय लई न्हाई" एवढंच म्हणायचा. डॉक्टरांनी पुन्हा एकदा दाराकडं हात केला. आक्का हलल्या नाहीत. बाहेर रांग होती. मग त्यांनी तसाच प्रश्न विचारला.

आक्कांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आजी, रागावू नका. हा आता नियम आहे. चाळिशी ओलांडलेला पुरुष कशासाठीही आला, काटा असो की खोकला, तरी हे विचारायचंच. पूर्वी डॉक्टर लाजायचे, पेशंट लाजायचा, आणि त्या लाजेत पुढची माणसं जायची."

"कुठं जायची?"

डॉक्टरांनी उत्तर बिरुदेवला दिलं. "तुमच्याकडं ठिबक आहे ना? पाण्यातले क्षार साठायला लागले की आधी काय बंद पडतं?"

काय बोलायचं ते सापडल्यासारखं बिरुदेवनं पहिल्यांदा चेहरा वर केला. "ड्रीपर. त्याचं भोक बारीक आसतंय. मग नळी. मेन लाइन सगळ्यात शेवटी."

"ड्रीपर चोंदला की तुम्ही काय करता? झाड वाळायची वाट बघता?"

"न्हाई. आम्ल सोडतो. सगळी लाइन धुऊन काढतो."

"शरीरातही तसंच आहे. त्या जागेच्या रक्तवाहिन्या सगळ्यात बारीक. हृदयाच्या त्याहून जाड. चरबी, साखर, तंबाखू यांचा थर साठायला लागला की आधी बारीक वाहिनी चोंदते. ताठरता कमी होते. माणसाला वाटतं, आपला पुरुषपणा गेला. पण तो ड्रीपर असतो. तो सांगत असतो की मेन लाइनचं बघा. दोन-चार वर्षं हातात असतात. कधी कमी. प्रत्येकाला असंच होतं असं नाही, पण बघून घ्यायला हवं."

मग डॉक्टरांनी कपाटातून एक करदोडा काढला.

त्या वस्तूचं सरकारी नाव सूक्ष्मवाहिनी-दर्शक. बनवणाऱ्यांनी मात्र नावापेक्षा डोकं बरं चालवलं होतं. अंगठी दिली, पट्टा दिला, तर चारचौघांत कोण घालणार? पण करदोडा प्रत्येकाच्या कमरेला असतोच, बाळपणी बांधलेला, जुना झाला की बदललेला. म्हणून हाही काळ्या रेशमाचाच, फक्त बेंबीखाली येईल असा जोंधळ्याएवढा मणी. निरोगी पुरुषाच्या त्या जागी झोपेत तीन-चार वेळा रक्ताची भरती येते. तिला स्वप्न लागत नाही की इच्छा लागत नाही. कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून हा मणी ती भरती ऐकायचा, वटवाघळासारखा. तीन रात्री झाल्या की मण्याला रंग यायचा. हिरवा आला तर वाहिन्या मोकळ्या. केशरी आला तर दवाखान्याच्या मागच्या दारानं यायचं, तिथं वेगळी खोली होती. दोन्ही प्रकारचे करदोडे बाहेरच्या पेटीत टाकायचे.

बिरुदेवनं मणी चिमटीत धरून उजेडात बघितला.

"ह्यो कुणाचा हाय, ते तुमाला कळतं?"

"नाही," डॉक्टर जरा अभिमानानंच म्हणाल्या. "मुद्दाम तसं केलंय. नाव नाही, अंगठ्याचा ठसा नाही. फक्त कुठल्या वाडीतून आला एवढंच. कुणाची लाज जायला नको."

बिरुदेवनं मान हलवली आणि करदोडा खिशात टाकला.

हे सगळं आक्कांनी ऐकलं होतं. पण ओट्यावर सांगताना त्यातलं ठिबक त्यांनी गाळलं. रागाच्या गोष्टीत शहाणपणाचं काही आलं की गोष्ट पातळ होते.

*

पुढं तीन आठवडे आक्का रोज विचारायच्या, "आला का रं मणी?"

"येतोय की आये. घाई हाय का?"

"घाई मला न्हाई. त्या बयेच्या तोंडावर टाकायचाय, म्हणून."

बिरुदेव हसायचा. तो गरीब स्वभावाचा होता. वाल्वच्या आवाजावरून कुठल्या ओळीत पाणी कमी जातंय हे सांगायचा, पण माणसांत आवाज चढवायचा नाही. आक्कांनी त्याचं सगळं स्वतः केलं: लग्न, बाग, घरावरचा दुसरा मजला. एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती आणि ती त्यांना सलायची. घरात दोन नाती होत्या, गोड पोरी, पण नातू नव्हता. त्याचा हिशेब त्या सुनेकडं मागायच्या.

"रेश्मा," भाकरी थापता थापता त्या बागेच्या भाषेत म्हणायच्या, "मृग बहार गेला, हस्त बहार गेला, आंबे बहार तरी धर की ग. झाड हाय का खुंटा?"

रेश्मा तव्यावरची भाकरी उलटायची. कधी म्हणायची, "बगू, आत्या." कधी काहीच म्हणायची नाही. दोन-तीन वर्षं ती अशीच गप्प होती आणि आक्का त्या गप्पपणाला शेफारलेपण म्हणायच्या.

तिसऱ्या आठवड्यात आक्कांना दुसरी एक गोष्ट खटकली. म्हाकूची मेंढरं त्यांच्या शेततळ्यावर पाणी पीत होती आणि फिल्टरच्या शेडमध्ये म्हाकू स्वतः चहा पीत बसला होता. भोवती वाडीतले पाच-सहा बाप्ये, बिरुदेवसुद्धा. सगळे खिदळत होते. एरवी म्हाकूला कुणी बसायला गोणपाट देत नसे.

"आता समद्या वाडीत गडी एकच," कुणीतरी म्हणालं. "बाकी आपून बुजगावणी."

"बुजगावण्याला निदान पाखरं तरी भेत्यात."

पुन्हा हसणं. आक्का जवळ आल्या तसं ते विझलं.

"ह्याची मेंढरं आपल्या तळ्यावर कशी?" त्यांनी लेकाला बाजूला घेऊन विचारलं.

"पैरा हाय, आये."

पैरा म्हणजे जुनी रीत. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. ज्याच्याकडं जे आहे ते त्यानं द्यायचं, पैशाचं नाव नाही.

"कसला पैरा? त्यानं कुणाच्या रानात कवा खुरपं धरलं?"

"आसतंय काय तरी," बिरुदेव म्हणाला आणि वाल्वकडं गेला.

चार दिवसांनी मणी आला. हिरवागार, कोवळ्या डाळिंबाच्या पानासारखा. बिरुदेवनं तो आईच्या हातावर ठेवला आणि तिच्याकडं न बघता हात धुवायला गेला. आक्कांनी तो पदराच्या गाठीला बांधला, स्वतः दवाखान्यात गेल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा वर धरून पेटीत टाकला.

संध्याकाळी चुलीपुढं त्या सुनेला म्हणाल्या, "मणी हिरवा हाय माझ्या लेकाचा. मग खोट कुणात हाय, ते आता तूच सांग."

रेश्माचा हात पिठात तसाच राहिला. दारात बिरुदेव उभा होता. त्यानं ऐकलं, हे आक्कांनी पाहिलं, आणि बरं झालं ऐकलं, असं त्यांना वाटलं. तो धाकट्या पोरीला कडेवर घेऊन अंगणात गेला.

*

डॉक्टर मृण्मयी वाडीत आल्या तेव्हा आक्का ओट्यावर दाणे पाखडत होत्या. छोट्या विजेच्या गाडीवर एकट्याच आल्या होत्या. वाडीतलं पहिलं घर आक्कांचं आणि दुमजली, म्हणून त्या तिथंच थांबल्या.

"आजी, बिरुदेव आहेत का? मला त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायचंय. एकट्याशी."

"मणी हिरवा आलाय. मीच टाकला पेटीत. आता काय राहिलं?"

डॉक्टर पायरीवर जरा घुटमळल्या. आक्कांनी बस म्हटलं नाही.

"या वाडीतून सात मणी आले. सातही हिरवे. मला आनंद व्हायला हवा होता. पण माणसाची नाडी त्याच्या चालण्यासारखी असते, आजी. दोघांची सारखी नसते. आत रक्ताच्या लाटा उमटतात त्या बघितल्या, तर सातही एकाच माणसाच्या आहेत. धडधाकट, भरपूर चालणाऱ्या माणसाच्या. तो कोण ते मला माहीत नाही, बाकीचे सहा कोण तेही माहीत नाही, कारण नावंच नाहीत आणि करदोडे कुणाला दिले त्याचीही नोंद आम्ही ठेवत नाही. म्हणून दारोदार विचारणार आहे. तो मणी बिरुदेवांनीच घातला होता का, एवढंच."

सूप थांबलं.

"म्हंजे माझा ल्योक लबाड, असं म्हणतीस?"

"लबाड नाही हो. लाजले असतील. लाजणं..."

"माझ्या लेकाला लाजायसारखं काय झाल्यालं न्हाई. ह्या घरात वांझ झाड न्हाई आन् वांझ बाप्या न्हाई. तू शिकल्याली आसशील, पण तुझ्याएवढी पोर आसून बाप्याच्या कमरंखालचं इचारत दारोदार हिंडतीस, तुझ्या आयला काय वाटत आसंल? जा. पुन्यांदा ह्या पायरीवर पाय ठेवू नगंस."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स सावरली. "बरं," एवढंच म्हणाल्या. आक्कांचा आवाज शेजारच्या घरांपर्यंत गेला होता. तिथल्या ओट्यांवर आता म्हाताऱ्या उभ्या होत्या, हात कमरेवर. डॉक्टर पुढच्या दारात गेल्या नाहीत. गाडी वळवून आल्या वाटेनं गेल्या.

गाडीचा धुरळा अजून खाली बसला नव्हता तोच बिरुदेव मागच्या दारानं बाहेर आला. तो घरातच होता. वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि गाडी वळणाआड गेली तरी तिकडंच बघत राहिला. आक्कांना वाटलं, तोही संतापलाय.

पुढं एकदा, ताटावर बसल्यावर, तो म्हणाला, "आये, दवाखाना किती वाजंपतूर आसतो?"

"कशाला? बोट तर बरं झालं की."

बिरुदेवनं बोट उलटंसुलटं करून पाहिलं. काट्याची जागासुद्धा दिसत नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "बोट बरं झालंय."

*

तो गेला तो सकाळी, बागेत. त्या दिवशी ठिबकला आम्ल सोडायचं होतं. टाकी भरली, वाल्व फिरवला आणि फिल्टरला टेकून बसला, तो उठलाच नाही. मातीतल्या सुया फोनवर सांगत राहिल्या की झाडांचं पाणी झालं, आता बंद करा. फोन त्याच्या खिशातच वाजत होता. रेश्मा न्याहारी घेऊन गेली तेव्हा ओळी तुडुंब वाहत होत्या, एकूण एक ड्रीपर मोकळा झाला होता, आणि बिरुदेवचं अंग गार पडत चाललं होतं. छातीला झटका आला, असं मोठ्या दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मोठी वाहिनी एका जागी पूर्ण बंद होती.

सरणावर ठेवायच्या आधी करदोडा तोडायची रीत आहे. माणूस उघडा आला, उघडा जावा. वडीलधाऱ्यानं बिरुदेवच्या कमरेचा काळा दोरा हिसडून तोडला, तसा मागं उभा असलेला म्हाकू आपल्या कमरेला हात लावून मटकन मातीत बसला. लोकांना वाटलं, मैतर गेला म्हणून. आक्कांना दुरून बायांतून एवढंच दिसलं की तो उठेना.

तिसऱ्या दिवशी राख गोळा करून पुरुष परतले आणि म्हाकू ओट्यापाशी आला. त्यानं पटका काढून हातात घेतला होता.

"आक्का, त्यो मणी माझा हुता."

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सात जणांचं करदोडं म्या घातलं. एकामागं एक. पैऱ्यानं. त्यांनी माझ्या मेंढरास्नी पाणी दिलं, बांधावर चरू दिलं. मला वाटलं, आपल्याजवळ ह्येच एक हाय, ह्येच देऊ. इज्जत राखतोय दोस्ताची, असं वाटलं, आक्का. आमी हसत हुतो."

"बिरू बी हसत हुता?"

म्हाकूनं पटक्याची घडी केली, मोडली. "त्यो सगळ्यात शेवटी आला. आधी न्हाईच म्हणत हुता. म्हणला, डॉक्टरीणबाईंनी ठिबकाचं सांगितलंय ते खरं हाय, मला पटलंय, मी जाणार हाय मागच्या दारानं. मग एक दिस आला आन् करदोडा माझ्या हातात दिला. म्हणला, आय रोज इचारती. केशरी आला तर तिला काय सांगू."

ओट्यावर माश्या घोंगावत होत्या. आतल्या खोलीत कुणीतरी पोरींना जेवायला घालत होतं. आक्कांनी मान वळवली. दाराआड रेश्मा उभी होती, कपाळ मोकळं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय, आत्या."

"कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली आसतील. जास्तीच."

"मग मी तुला खुंटा म्हणत हुते, तवा तोंडाला काय झालं हुतं तुझ्या?"

रेश्मा रडली नाही. तिचं रडणं तीन दिवसांत संपलं होतं, किंवा दोन वर्षांत.

"त्यांनी हात जोडलं हुतं, आत्या. म्हणलं, आय तुला बोलंल तर बोलू दे, पर तिला कळू देऊ नगंस. नवऱ्यानं हात जोडल्यावर बायको काय करती?"

आक्कांनी सुनेला जवळ बोलावलं नाही, कारण तसं करायची त्यांना सवय नव्हती. फक्त आपल्या शेजारची गोधडी हातानं सारखी केली. थोड्या वेळानं रेश्मा येऊन त्या गोधडीवर बसली.

*

डॉक्टर मृण्मयी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. पायरीखालीच थांबल्या. त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं.

"वर ये," आक्का म्हणाल्या.

डॉक्टर ओट्याच्या कडेला बसल्या. रेश्मानं पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"मी माफी मागायला आलेय. करदोडे आम्ही लाज राखायला बनवले. नाव काढून टाकलं ते त्यासाठीच. आणि नाव नव्हतं म्हणूनच..." त्या रेश्माकडं बघून म्हणाल्या, "वरिष्ठांना कळवलंय. ते म्हणतात, मण्यात नाव घालू. पण नाव घातलं तर एकही माणूस तो कमरेला बांधणार नाही, हेही त्यांना माहीत आहे. काय करावं, कुणालाच कळत नाही."

"ती बाकीची साहा? आली का मागच्या दारानं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "एकही नाही."

आक्कांनी समोर बघितलं. ओळीनं सहा-सात घरं, प्रत्येकापुढं मोटरसायकल. प्रत्येक ओट्यावर एकेक म्हातारी, कुणी निवडत, कुणी नुसतीच बसलेली. सगळ्यांचं लक्ष इकडंच. त्यांतल्या चौघी आक्कांच्या बरोबरीच्या, एके काळी कळपामागं एकत्र चाललेल्या. कुणाला काय बोललं की कुठं झोंबतं ते आक्कांना पाठ होतं, कारण बोलायला त्या चौघी त्यांच्याकडंच शिकल्या होत्या.

त्यांनी डॉक्टरांच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला. आवाज नेहमीचाच काढला, समोरच्या ओट्यांपर्यंत जाईल एवढा.

"ऐक, पोरी. तू इचारलंस ते बरुबर केलंस. बोट सोडून त्येच इचारलंस, तवा मी वाडीभर सांगत सुटले, हिला शिकवलंय पर वळण न्हाई. चुकलं माझं म्हणणं. वळण तुला लई हाय, तीच तुझी खोट हाय. मी खोलीच्या भाईर जात न्हाई म्हणलं, तू गप बसलीस. हिथनं जा म्हणलं, तू गेलीस. त्यो मागच्या दाराआड हुता. वाटंवर जाऊन उभा ऱ्हायला हुता तुझ्या गाडीमागं. मी हाकलणारच, बाई. आय हाय मी. तू जायाचं नव्हतंस."

रेश्मा भिंतीला टेकली होती. समोरच्या ओट्यांवरचं निवडणं थांबलं होतं.

"आता त्या दारांकडं बघ," आक्का म्हणाल्या. "हरेक दारात एक म्हातारी हाय, आन् एकसुद्धा माझ्यापरास गोड न्हाई. मी येते तुझ्यासंगं, पर मला बी हाकलतील त्या. तवा मला आधी सांग, कितव्यांदा हाकलल्यावर तू माघारी फिरशील?"